योग्य ती कार्यवाही

भुजंगराव एकतीस वर्षं सरकारी खर्चानं सात देश फिरले आणि निवृत्त होऊन लातुरात औसा रोडच्या घरात येऊन बसले, तरी ते नेमके काय होते हे त्यांच्या गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. गाव रेणापूर तालुक्यातलं. गावानं आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं की आपला भुजंग राजदूत आहे. ग्रामपंचायतीसमोर तसं बॅनरही लागलं. भुजंगराव बिचारे समजवायला गेले, की बाबांनो, मी वकिलातीतला अटॅशे, म्हणजे राजदूताच्या हाताखालच्याच्या हाताखालचा माणूस. सरपंच म्हणाले, "आता एवढं सगळं बॅनरवर कुठं मावंल? राजदूत हाय तेच बरं हाय." त्यानंतर भुजंगरावांनी नाद सोडला. आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते वाईटही वाटत नव्हतं.

काम काय होतं म्हणाल, तर विमानतळावर पाटी धरून उभं राहायचं. दिल्लीहून शिष्टमंडळ आलं की त्यांच्या बॅगा मोजायच्या. एक कमी भरली की विमान कंपनीशी भांडायचं, कुणाची रक्तदाबाची गोळी घरी राहिली की औषधाचं दुकान शोधायचं, आणि जिथं माणसं गवत सोडून सगळं खातात तिथं शाकाहारी जेवण पैदा करायचं. सव्वीस जानेवारीला बर्फात झेंडा. झेंडा सरळ आहे की उलटा हे बघायची जबाबदारी भुजंगरावांची. संध्याकाळच्या मेजवानीत पाहुणे किती, समोसे किती, आणि कोण कुणाच्या शेजारी बसल्यावर दोन देशांचे संबंध बिघडतील, हेही त्यांनीच बघायचं. बसवण्याच्या या कामात त्यांचा हात कुणी धरावा! एकदा एकमेकांचं तोंड न बघणारे दोन राजदूत त्यांनी मधे फुलदाणी ठेवून असे बसवले, की दोघंही खूश होऊन घरी गेले. ती गोष्ट ते आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगत. बायको अयोध्याबाई ती ऐकता ऐकता चहा करून आणत, आणि बरोबर फुलदाणीच्या वाक्याला कप समोर ठेवत.

अयोध्याबाई चाकूरच्या. सात देशांत सामानाच्या तळाशी ज्वारीचं पीठ नेऊन त्यांनी भाकरी थापली. कुठल्या देशात शेजारणीशी एक शब्द बोलता आला नाही, तरी महिन्याभरात ती शेजारीण शेंगदाण्याची चटणी मागायला दारात उभी असायची. त्यांना कुणी मुत्सद्दी म्हटलं नाही, बॅनर तर लांबच राहिलं.

भुजंगरावांची दुसरी कर्तबगारी म्हणजे एक पत्र. मधली काही वर्षं त्यांची बदली दिल्लीच्या ऑफिसात होती. तिथं परदेशात अडकलेल्या माणसांच्या घरच्यांचे अर्ज येत. कुणाचा पासपोर्ट मालकानं दाबून ठेवलाय, कुणाचा पोरगा तुरुंगात आहे, कुणाचा फोनच लागत नाही. ढिगानं अर्ज, आणि उत्तर द्यायला माणसं चार. भुजंगरावांनी डोकं चालवून तीन ओळींचा एक मसुदा तयार केला. इंग्रजीत होता, पण अर्थ एवढाच: आपला अर्ज मिळाला. तो योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठवला आहे. याबाबत पुन्हा पत्रव्यवहार करू नये. वरिष्ठांनी पाठ थोपटली. खून, चोरी, आजार, मरण, काहीही असो, या तीन ओळी सगळ्याला चालायच्या. फक्त वरचं नाव बदलायचं आणि खाली सही ठोकायची. दिवसाला दीडशे-दोनशे सह्या व्हायच्या.

तर असे हे भुजंगराव. गेल्या वर्षी त्यांच्या लेकीचं, रुद्राणीचं लग्न ठरलं, आणि तिथं घोड्यानं पेंड खाल्ली. कारण मामा.

आपल्याकडं मामाशिवाय मुलगी बोहल्यावर चढते का? माईकवरून पुकारा होतो, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या!" मग मामा भाचीला हाताला धरून आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. रुद्राणीला सख्खा मामा एकच, अयोध्याबाईंचा धाकटा भाऊ व्यंकट. आणि व्यंकटनं अकरा वर्षं भुजंगरावांच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. बहिणीशी फोनवर बोलायचा, भाचीला वाढदिवसाला कपडे पाठवायचा, पण दाजींचं नाव निघालं की फोन ठेवून द्यायचा.

"मावसमामाला उभं करू," कुणीतरी सुचवलं.

रुद्राणी बापाचीच लेक. म्हणाली, "भाड्याचा मामा नको मला. व्यंकटमामा येणार नसेल तर कोर्टात सह्या करते. मंडप नको आणि अक्षता नको." हे म्हणताना तिचा आवाज भरून आला. एवढी एकच लेक, आणि तिच्या पाठीमागची जागा रिकामी राहणार!

व्यंकट का रुसला हे भुजंगरावांना पक्कं माहीत होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं. अकरा वर्षांपूर्वी याच घराच्या वास्तुशांतीला फेटे कमी पडले होते, आणि व्यंकटच्या वाट्याला नुसती टोपी-टॉवेल आली होती. भर मांडवात सख्ख्या मेहुण्याला टोपी! त्यावरून आपल्याकडं घराणी तुटलीत. तेव्हा निदान झालं होतं, आता फक्त औषध द्यायचं होतं. त्यांनी लातुरातल्या गंजगोलाईतून भारीतला फेटा घेतला, शर्टपीस घेतलं, पेढे घेतले आणि चाकूरला निघाले.

अयोध्याबाई म्हणाल्या, "फेटा नेऊ नका. त्याला फेटा नकोय."

"मग काय हवंय?"

"ते त्यालाच विचारा. विचारून बघा एकदा कुणाला काही."

"तुला मानपानातलं कळत नाही," असं म्हणून सात देशांचा मानपान सांभाळलेला माणूस गाडीत बसला.

चाकूरला तहसीलसमोर व्यंकटचं सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पीकविमा, झेरॉक्स, लॅमिनेशन, सगळं एका छताखाली. बाहेर पत्र्याच्या सावलीत दोन बाकडी. काचेच्या खिडकीमागं व्यंकट, शेजारच्या संगणकावर त्याचा मुलगा हनुमंत, तिशी ओलांडलेला, गप्प गप्प. भुजंगराव थेट खिडकीशी गेले आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "काय व्यंकटराव!"

व्यंकटनं मान वर केली, पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "टोकन घेतलाव का?"

"अरे, मी..."

"लायनीत माणसं हायत, दाजी. टोकन घ्या, बसा."

टोकन निघालं सत्तेचाळीस, आणि खिडकीत चालू होता एकोणीस. भुजंगराव फेट्याची पिशवी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसले. त्यांच्या शेजारी केवळाबाई नावाची एक म्हातारी होती. निराधारांच्या पगारासाठी हयातीचा दाखला काढायला ती तिसऱ्यांदा आली होती. मशीनवर तिचा अंगठा उमटत नव्हता.

"जित्ती हाय मी," ती म्हणाली, "समद्यांना दिसायलाय. अंगठ्याला तेवढं पटंना. तुमचं काय हाय, सायेब?"

"माझं... घरगुती काम आहे."

"मंग टाइम लागंल," केवळाबाई म्हणाली आणि धपाट्याचा अर्धा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. "डबा घिऊन यावं मानसानं. सरकारी कामाला आन् लेकीच्या घरला रिकाम्या हातानं येऊ नये."

एकतीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला काढलेला माणूस पहिल्यांदाच बाहेरच्या बाजूला बसला होता. बाकड्याच्या पट्ट्या रुतत होत्या. दोन तासांनी सर्व्हर गेला, तो जेवणानंतर आला. चार वाजता सत्तेचाळीस नंबर लागला.

"काय काम?" व्यंकटनं विचारलं.

भुजंगरावांनी पत्रिका पुढं केली, तिच्यावर पेढे ठेवले आणि त्यावर फेटा. मग वाटेत गाडीत पाठ केलेलं बोलून टाकलं, की वास्तुशांतीला चूक झाली, मोठ्या मनानं पोटात घाला, हा फेटा घ्या.

व्यंकटनं फेट्याकडं पाहिलं. मग हसला, आणि असा हसला की झेरॉक्सच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "आत्ता गं बया! फेट्यापायी? दाजी, फेट्यापायी मी अकरा वर्षं सख्ख्या बहिणीच्या घरला आलो न्हाई, असं वाटायलंय तुम्हाला? माझं डोकं एवढं हलकं हाय का?"

हसणं थांबलं तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. त्यानं खालचा खण ओढला आणि एक कागद काचेखालून सरकवला. लॅमिनेशन केलेला. कागद पिवळा पडला होता, पण प्लास्टिकमुळं कोपरासुद्धा दुमडला नव्हता. तीन ओळी होत्या, खाली सही. सहीतला "भु" भुजंगराव जसा फुगवून काढतात तसाच होता.

"हनुमंत तिकडं आखातात गेला होता वायरमन म्हणून," व्यंकट खाली बघत बोलायला लागला. "मालकानं पासपोर्ट काढून घेतला आन् पोरगं खोलीत कोंडलं. मी तुम्हाला दिल्लीला फोन लावला. पुरतं बोलूबी दिलं न्हाई तुम्ही. म्हणलाव, व्यंकटराव, नात्यात कामं सांगायची नसतात, रीतसर अर्ज करा. म्हणलं बरोबर हाय, दाजींच्या नोकरीला बट्टा नको. रीतसर अर्ज केला. चार पानं, पोराच्या फोटोसकट. त्याचं हे उत्तर. आता तुम्हीच सांगा, कोणती कार्यवाही झाली? तवर तुमचं लग्नाचं काम पेंडिंग."

पत्रिका त्यानं ठेवून घेतली. पेढे आणि फेटा काचेखालून परत आले.

"पुढचं टोकन," व्यंकट म्हणाला.

गाडी चाकूरहून लातूरला कधी आली हे भुजंगरावांना कळलं नाही. फोन आठवत होता, अगदी अंधुक. त्या दिवशी परदेशी पाहुण्यांची मेजवानी होती आणि सुपाचे चमचे गोल पाहिजेत की लांबट, यावरून ऑफिसात धावपळ चालली होती. अर्ज मात्र आठवत नव्हता. आठवणार कुठून? दीडशेमधला एक. त्यावर हनुमंतचा फोटो होता म्हणे. जावळाच्या वेळी या पोराला मांडीवर घेऊन ते बसले होते.

घरी आल्यावर त्यांनी अयोध्याबाईंना विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग अकरा वर्षं सांगितलं का नाहीस?"

"व्यंकटनं शपथ घातली होती. म्हणाला, त्यांच्या सहीचं त्यांनाच कळू दे." भाजी निवडता निवडता अयोध्याबाई थांबल्या. "पोरगं सुटेपर्यंत त्याच्या आईनं, राजकन्यानं, पायात चप्पल घातली नाही. सात महिने, तुळजापूरच्या देवीला नवस बोलून. त्या दिवाळीला तुम्ही सुटीवर आला होतात. माझ्या भावजयीला एसटी स्टँडवर सोडायला तुम्हीच गेला होतात, गाडीतनं. तिच्या पायांकडं बघितलं होतं का हो?"

भुजंगरावांनी बघितलं होतं. बघितलं होतं आणि त्यांना वाटलं होतं, गावाकडच्या बायका, असतील सवयीच्या. हे त्यांनी अयोध्याबाईंना सांगितलं नाही.

"मग पोरगं सुटलं कसं?"

"देगलूरकडचा एक स्वयंपाकी होता तिथं, तेलुगू बोलणारा. त्यानं मालकाच्या बायकोला हाताशी धरलं. रोज तिच्या आवडीचं करून घालायचा आणि रोज एकदा म्हणायचा, बाई, पोराची आई वाट बघायलीय. सातव्या महिन्यात तिनंच कपाटातनं पासपोर्ट काढून दिला."

भुजंगरावांच्या साऱ्या नोकरीत असा माणूस एकदाही मेजवानीच्या यादीत आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा चाकूरला गेले, बसनं. टोकन घेतलं, कोरा फॉर्म मागितला. "विषय" च्या पुढं लिहिलं, "भाचीच्या विवाहप्रसंगी उपस्थितीबाबत." खाली सुरेख भाषेत पाऊण पान लिहिलं: उपरोक्त विषयान्वये, अनवधानाने, परिस्थितीजन्य, खेद. व्यंकटनं दोन ओळी वाचल्या आणि लाल पेनानं वर लिहिलं, "त्रुटी." विचारलं तर म्हणाला, "कोणी काय केलं, ते यात कुठंच न्हाई. दुरुस्त करून उद्या आणा. दोन फोटो जोडा."

तिसऱ्या दिवशी फोटो होते, डबाही होता. केवळाबाईही आली होती. तिनं डब्यात डोकावून "शिकलाव की," म्हणून शाबासकी दिली. भुजंगरावांनी नवा फॉर्म मांडीवर घेतला. एकतीस वर्षांत हजारो कागद खरडलेल्या माणसाला "कारण" या रकान्यात काही सुचेना. बारापर्यंत पेन नुसतं हातात. हनुमंत चहा घेऊन बाहेर आला आणि कप बाकड्यावर ठेवून तिथंच थांबला.

"तिथं खोलीत मला एकच वाटायचं," तो हळूच म्हणाला. "आपला कागद कुणीतरी वाचत आसंल. त्याच्यावरच दिवस काढले मी." आणि आत निघून गेला.

चहा तसाच निवत राहिला. भुजंगरावांना रडू आलं, आणि तहसीलसमोर भर दुपारी चारचौघांत ते लपवायला जागाही नव्हती. केवळाबाई दुसरीकडं बघत बसली. मग त्यांनी लिहिलं:

"व्यंकट, तुझा अर्ज माझ्या टेबलावर आला होता. मी तो वाचला नाही. न वाचता सही केली. सात महिन्यांतले किती दिवस माझ्यामुळं गेले हे मला माहीत नाही. चूक फेट्याची नव्हती, माझी होती. रुद्राणीच्या पाठीशी उभा राहा."

खिडकीत व्यंकटनं फॉर्म घेतला. वाचला की नाही कळलं नाही, कारण तेवढ्यात पीकविम्यावाल्यांचा गलका झाला. त्यानं ठप्पा मारून पोच दिली.

"मग... येणार ना?" भुजंगरावांनी विचारलं.

"कार्यवाही चालू हाय," व्यंकट म्हणाला.

पुढचे बारा दिवस भुजंगरावांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. दिवसातून दहादा फोन उघडून बघायचे. दोनदा चाकूरला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. उत्तराची वाट बघणं म्हणजे काय असतं ते असं वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं.

लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयात नेहमीचे भुजंगराव कुठं दिसेनात. कोण पहिल्या सोफ्यावर आणि कोण दुसऱ्या, ते कुणीही बघितलं नाही. आमदारांचा माणूस आणि व्याह्यांचा साडू एकाच खुर्चीवरून हमरीतुमरीवर आले, तरी भुजंगराव आपले दाराकडं डोळे लावून उभे. माईक खरखरला.

"मुलीचे मामा, मुलीला घेऊन या!"

कुणी आलं नाही. अयोध्याबाईंनी पदर तोंडाला लावला. माईकवाल्यानं पुन्हा पुकारा केला, "मुलीचे मामा! वेळ होत आहे!"

"आलो, आलो, वरडू नका!" आवाज दाराकडनं नव्हताच, तो मागून, भटारखान्याच्या बाजूनं आला. व्यंकट टॉवेलनं हात पुसत येत होता. सकाळी सहापासून तो तिथंच होता. भाचीच्या लग्नात वरण पातळ होता कामा नये म्हणून आचाऱ्याच्या डोक्यावर बसला होता. राजकन्या अयोध्याबाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली, पायात नव्या कोल्हापुरी.

व्यंकट भुजंगरावांसमोर थांबला. "फेटा कुठंय?"

"कुणाचा?"

"मामाचा! नवरीच्या मामानं काय बोडक्यानं उभं राहावं का?"

त्रेसष्ट फेटे मोजून आणले होते. यादी होती, यादीला अनुक्रमांक होते. मामाचा फेटा तेवढा यादीत नव्हता, कारण मामाला फेटा नको असतो हे भुजंगराव आता शिकले होते. कपाळावर हात मारायलाही वेळ नव्हता. त्यांनी आपला स्वतःचा फेटा काढला आणि व्यंकटच्या डोक्यावर ठेवला. व्यंकटनं त्यासाठी मान खाली केली, थोडी जास्तच केली. नवरीचा बाप भर मांडवात बोडका, असं दृश्य कुठल्याच मानपानात बसत नाही. पहिल्या सोफ्यावर कुजबूज झाली. भुजंगरावांना ती ऐकू आली नाही.

मंगलाष्टकं सुरू झाली. रुद्राणीच्या पाठीशी व्यंकट उभा होता, दोन्ही हात भाचीच्या खांद्यांवर. तिसऱ्या कडव्याला त्यानं मान तिरकी करून हळूच म्हटलं, "दाजी, माझ्या वरच्या खिशात तुमचं उत्तर हाय. काढून घ्या."

भुजंगरावांनी खिशातून घडी काढली. त्यांचाच फॉर्म होता, लॅमिनेशन न केलेला, घड्यांवर झिजलेला, एका कोपऱ्याला तेलाचा डाग. पुन्हा पुन्हा उघडून बघितलेल्या कागदासारखा मऊ पडला होता. खाली "कार्यालयीन शेरा" असा रकाना होता. त्यात लाल पेनानं एकच शब्द लिहिलेला होता.

"वाचला."

सगळ्यांनी अक्षता टाकल्या. भुजंगरावांच्या मात्र मुठीतच राहिल्या.